सॉल्व्हंट वापरणाऱ्या कारखान्यात फ्लेमप्रूफ उपकरणे कशी निवडावीत, बसवावीत आणि सांभाळावीत

रिॲक्टरच्या मॅनहोलशेजारी बसवलेली पुश बटणाची फ्लेमप्रूफ पेटी हवाबंद असते आणि म्हणून तिच्यात सॉल्व्हंटची वाफ शिरत नाही, हा समज कारखान्यांत इतका पक्का आहे की अनेक अनुभवी वायरमनही तेच सांगतात. प्रत्यक्षात ती हवाबंद नसते. पेटी आणि तिचे झाकण यांच्यामध्ये अतिशय बारीक फट राहणार, त्या फटीतून वाफ कधी ना कधी आत जाणार आणि आतल्या संपर्कबिंदूंच्या ठिणगीने ती पेटणार, असे गृहीत धरूनच तिची रचना केलेली असते. हा आतला स्फोट सोसण्याइतकी तिची भिंत मजबूत असते. आणि बाहेर पडू पाहणारा तप्त वायू त्या लांब, अरुंद फटीतून जाताना आपली उष्णता धातूला देऊन इतका निवतो की बाहेरची वाफ पेटवण्याची ताकद त्याच्यात उरत नाही. या फटीला आपल्याकडे सगळेच फ्लेम पाथ म्हणतात. उपकरणाचे सगळे संरक्षण या फ्लेम पाथमध्ये आहे, आणि हे एकदा नीट समजले की पुढच्या बहुतेक सूचनांमागची कारणे सहज उलगडतात.

हे विवेचन तारापूर, महाड, लोटे परशुराम यांसारख्या औद्योगिक वसाहतींतील मध्यम आकाराच्या रसायन कारखान्यांचा विचार करून लिहिले आहे, जिथे टोल्युइन, मिथेनॉल, ॲसिटोन, हेक्झेन असे सॉल्व्हंट रोज ड्रममधून किंवा टाकीतून रिॲक्टरमध्ये चढवले जातात. पेट घेणाऱ्या धुळीचे शास्त्र वेगळे आहे. तिची क्षेत्रे २०, २१ आणि २२ अशा क्रमांकांनी ओळखली जातात, आणि वायूसाठी प्रमाणित केलेली पेटी धुळीसाठी आपोआप योग्य ठरत नाही, एवढीच नोंद येथे करतो.

आधी पदार्थ, मग कॅटलॉग

उपकरणाच्या निवडीची सुरुवात पुरवठादाराच्या कॅटलॉगपासून करू नये. कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक ज्वलनशील पदार्थाचे एमएसडीएस (सुरक्षा माहितीपत्रक) काढून त्यातून फ्लॅश पॉइंट (ज्या किमान तापमानाला पेट घेण्याइतकी वाफ तयार होते), स्फोटक मिश्रणाची खालची आणि वरची मर्यादा, स्वयंप्रज्वलन तापमान आणि हवेच्या तुलनेत वाफेची घनता यांची यादी करावी, आणि त्या यादीत मानकाच्या तक्त्यातून पाहिलेला वायुगट जोडावा. टोल्युइनचे उदाहरण घेऊ. त्याचा फ्लॅश पॉइंट सुमारे ४ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे कोकणातल्या कोणत्याही ऋतूत, कोणत्याही पाळीत उघड्या ड्रमवर पेट घेऊ शकेल एवढी वाफ असतेच. हवेत या वाफेचे प्रमाण सुमारे १.१ टक्के झाले की मिश्रण स्फोटक होते, आणि ही वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असल्याने ती वर न जाता जमिनीलगत पसरते, केबल ट्रेंचमध्ये उतरते आणि तिथे साचून राहते.

वायुगट आणि तापमानवर्ग या दोन गोष्टींची गल्लत फार होते, म्हणून त्यांवर थोडे थांबतो. वायुगट हा ज्वाला किती बारीक फटीतून निसटू शकते आणि किती लहान ठिणगीने वायू पेटतो यावरून ठरतो. प्रोपेनसारखे आणि आपल्या रोजच्या वापरातले बहुतेक सॉल्व्हंट आयआयए गटात येतात, इथिलीन आणि डायइथाइल ईथर आयआयबी गटात, तर हायड्रोजन, ॲसिटिलीन आणि कार्बन डायसल्फाइड सर्वांत कडक अशा आयआयसी गटात. सामान्य हायड्रोकार्बन वाफेला पेटण्यासाठी सुमारे ०.२ मिलिज्यूल ऊर्जा लागते, तर हायड्रोजनला त्याच्या जेमतेम दहावा भाग पुरतो. तापमानवर्ग मात्र केवळ पृष्ठभाग किती तापतो याच्याशी संबंधित आहे: टी१ म्हणजे जास्तीत जास्त ४५० अंश, टी२ म्हणजे ३००, टी३ म्हणजे २००, टी४ म्हणजे १३५, टी५ म्हणजे १०० आणि टी६ म्हणजे ८५ अंश. आता गंमत पाहा: ठिणगीच्या बाबतीत इतका नाजूक असलेला हायड्रोजन तापलेल्या पृष्ठभागाने पेटायला ५०० अंशांहून अधिक तापमान लागते, म्हणून त्याला टी१ पुरतो, उलट गटाच्या दृष्टीने सौम्य असलेले हेक्झेन सुमारे २२५ अंशांना आपोआप पेट घेते, म्हणून त्याला टी३ किंवा त्याहून थंड उपकरणच हवे. दोन्ही अंगांनी कडक असा पदार्थ म्हणजे कार्बन डायसल्फाइड, ज्याचे स्वयंप्रज्वलन तापमान १०० अंशांच्या आसपास आहे आणि ज्याला टी६ वर्गच लागतो. तेव्हा ‘टी६ आहे म्हणजे सगळीकडे चालेल’ हे विधान चुकीचे आहे. आयआयबी टी६ अशी पाटी असलेली पेटी हायड्रोजनेशनच्या खोलीत लावता येत नाही, आणि आपल्या बाजारात सहज मिळणारी बरीचशी फ्लेमप्रूफ उपकरणे आयआयए आणि आयआयबी एवढ्याच गटांसाठी असतात, हे खरेदी विभागाला लेखी कळवून ठेवावे.

क्षेत्र ठरवणे

ज्या जागी स्फोटक मिश्रण सतत किंवा दीर्घकाळ असते ते क्षेत्र ०, नेहमीच्या कामकाजात अधूनमधून निर्माण होऊ शकते ते क्षेत्र १, आणि जिथे नेहमीच्या कामात ते अपेक्षित नसते व झालेच तर थोडा वेळ टिकते ते क्षेत्र २. आपल्याकडे यासाठी आयएस ५५७२ हे भारतीय मानक आणि आयएस/आयईसी ६००७९ मालिकेतील वर्गीकरणाचा भाग वापरला जातो. सॉल्व्हंटच्या रिॲक्टरची आतली वाफेची जागा साधारणपणे क्षेत्र ० असते. मॅनहोल, व्हेंट आणि ड्रम भरण्याच्या जागेभोवतीचा भाग क्षेत्र १. आणि त्यापलीकडचा पट्टा क्षेत्र २. जड वाफेचा धोका असलेल्या भागातील खड्डे, गटारे आणि ट्रेंच हे क्षेत्र २ च्या पट्ट्यात असले तरी त्यांना क्षेत्र १ धरावे, कारण तिथे वारा पोहोचत नाही.

हे काम एकट्या विद्युत विभागाकडे सोपवू नये. कोणता व्हॉल्व्ह किती वेळा उघडतो, नायट्रोजनचे आवरण किती भरवशाचे आहे, ड्रम खरोखर कुठे उघडले जातात, हे प्रक्रिया विभागालाच आणि बहुतेक वेळा रात्रपाळीच्या ऑपरेटरलाच ठाऊक असते. नकाशा तयार झाल्यावर तो हातात घेऊन प्लँटमध्ये एक फेरी मारावी. नकाशावर नसलेला हातपंप आणि त्याच्याखालचे ओले डाग अशा फेरीतच सापडतात.

या टप्प्यावर माझे एक आग्रहाचे मत मांडतो. धोक्याच्या क्षेत्रात बसवलेल्या उत्तम फ्लेमप्रूफ स्विचपेक्षा क्षेत्राबाहेर हलवलेला साधा स्विच अधिक सुरक्षित असतो. स्टार्टर, व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारे उपकरण), डिस्ट्रिब्युशन बोर्ड यांपैकी जे जे एमसीसी खोलीत, म्हणजे मोटारींच्या नियंत्रण फलकांच्या खोलीत, नेता येईल ते न्यावे, आणि क्षेत्रात फक्त मोटार, दिवे, पुश बटण आणि मोजमापाची साधने एवढेच ठेवावे. ज्या पेट्या क्षेत्रात नाहीतच त्यांचे बोल्ट कोणाला मोजावे लागत नाहीत.

पाटी कशी वाचावी

उपकरणाच्या पाटीवर ‘एक्स डीबी आयआयबी टी४ जीबी’ अशा अर्थाचा मजकूर असतो. ‘एक्स’ म्हणजे स्फोटसंरक्षित, ‘डीबी’ म्हणजे फ्लेमप्रूफ, त्यानंतर वायुगट, मग तापमानवर्ग आणि शेवटी संरक्षणाची पातळी. ‘जीए’ पातळीचे उपकरण क्षेत्र ० मध्ये चालते, ‘जीबी’ क्षेत्र १ मध्ये आणि ‘जीसी’ फक्त क्षेत्र २ मध्ये. जुन्या पाट्यांवर नुसते ‘एक्स डी’ असते. ती पेटी क्षेत्र १ आणि २ साठी असते आणि क्षेत्र ० मध्ये चालत नाही. टाकीच्या आत जाणाऱ्या लेव्हल ट्रान्समीटरसाठी ‘आयए’ प्रकारचे, म्हणजे मुळातच अल्प ऊर्जेचे उपकरण लागते.

प्रमाणपत्र क्रमांकाच्या अगदी शेवटी एक्स (X) हे एकच इंग्रजी अक्षर स्वतंत्रपणे जोडलेले दिसले तर तिथेच थांबावे. त्याचा अर्थ असा की उपकरणाच्या वापराला काही खास अटी आहेत, आणि त्या पाटीवर नसून प्रमाणपत्राच्या आतल्या पानांवर आहेत. कधी ती अट ठरावीक ताकदीचे बोल्ट वापरण्याची असते, कधी प्लॅस्टिकचा पृष्ठभाग कोरड्या फडक्याने न पुसण्याची, कारण त्याने स्थिर वीज निर्माण होते. म्हणून पुरवठादाराकडून प्रमाणपत्राचे फक्त पहिले पान न घेता पूर्ण प्रत घ्यावी. पेट्रोलियम नियमांच्या कक्षेतील जागांसाठी पेसोची, म्हणजे केंद्र सरकारच्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेची, मान्यता लागते. या संस्थेचे मुख्यालय नागपुरातच आहे. ती मान्यता त्याच मॉडेलची आहे आणि अद्याप वैध आहे, याची खात्री माल उतरवून घेण्यापूर्वी करावी.

नागपूरवरून आठवले म्हणून सांगतो: पाटीवर वेगळा उल्लेख नसेल तर प्रमाणपत्र उणे २० ते अधिक ४० अंश इतक्याच सभोवतालच्या तापमानासाठी असते. विदर्भात मे महिन्यात सावलीतले तापमान ४५ अंशांच्या वर जाते, आणि पत्र्याच्या छपराखाली किंवा गरम रिॲक्टरच्या जॅकेटजवळ ते कोकणातही ४० ओलांडते. अशा जागेसाठी ५० किंवा ५५ अंशांपर्यंत प्रमाणित उपकरणच मागवावे, नाहीतर टी४ लिहिलेले उपकरण प्रत्यक्षात १३५ अंशांच्या आत राहील याची कोणीच हमी देऊ शकत नाही. मोटार व्हीएफडीवर चालवायची असेल तर तेही आधी सांगावे लागते, कारण कमी वेगात पंख्याची हवा घटते आणि मोटार अधिक तापते; त्या जोडीसाठीचे प्रमाणपत्र आणि वाइंडिंगमधील तापमान-संवेदक हे दोन्ही तपासून घ्यावे.

बसवताना

सर्वाधिक चुका ग्लँडपाशी, म्हणजे केबल पेटीत शिरते तिथल्या जोडणीपाशी, होतात. ग्लँडही फ्लेमप्रूफ म्हणून प्रमाणित असावा लागतो, आणि तो केबलच्या बाहेरच्या व आतल्या आवरणाचा व्यास व्हर्नियरने मोजून निवडावा लागतो. अंदाजाने मागवलेला ग्लँड केबलवर घट्ट बसत नाही आणि मग त्यात टेप गुंडाळून जागा भरली जाते. पेटीच्या छिद्राचे आटे आणि ग्लँडचे आटे एकाच जातीचे असले पाहिजेत, आणि निदान पाच पूर्ण आटे एकमेकांत बसले पाहिजेत. मेट्रिक छिद्रात एनपीटीचा (अमेरिकी पद्धतीच्या निमुळत्या आट्यांचा) ग्लँड दोन आटे फिरून अडकतो, बाहेरून अगदी घट्ट वाटतो, आणि त्या दोन आट्यांतून ज्वाला सरळ बाहेर येऊ शकते. माप जुळत नसेल तर प्रमाणित ॲडॉप्टर वापरावा, पण एका छिद्राला एकच. ॲडॉप्टरवर ॲडॉप्टर चढवू नये. आयआयसी गटासाठी, किंवा केबल आतून पोकळ राहणारी असेल तेव्हा, आत रेझिन भरलेला बॅरिअर ग्लँड लागतो, कारण केबलच्या तारांमधल्या पोकळीतूनही ज्वाला प्रवास करते.

न वापरलेली छिद्रे प्रमाणित धातूच्या ब्लँकिंग प्लगनेच बंद करावीत. माल येताना छिद्रांना लावलेली प्लॅस्टिकची टोपणे केवळ वाहतुकीसाठी असतात, आणि तीच टोपणे वर्षानुवर्षे तशीच राहिलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहेत. पेटीला जागेवर ड्रिल मारून नवे छिद्र पाडणे म्हणजे त्या क्षणी तिचे प्रमाणपत्र संपवणे होय. जास्त छिद्रांची गरज असेल तर तशी पेटी उत्पादकाकडूनच घ्यावी.

झाकणाची सपाट जोडणी भिंतीला, पाइपला किंवा खांबाला अगदी चिकटवून ठेवू नये. फटीतून बाहेर पडणाऱ्या वायूला थंड व्हायला मोकळी जागा लागते, आणि हे अंतर आयआयए गटासाठी किमान १० मिलिमीटर, आयआयबीसाठी ३० आणि आयआयसीसाठी ४० मिलिमीटर असावे लागते. अर्थिंगच्या दोन स्वतंत्र पट्ट्या जोडाव्यात, आणि त्यांच्याखाली रंग राहणार नाही याची काळजी घ्यावी.

उघडताना आणि बंद करताना

पेटी उघडण्यापूर्वी वर्क परमिट घ्यावे, पुरवठा एमसीसीमध्ये बंद करून तिथे स्वतःचे कुलूप व टॅग लावावा, आणि मीटरने जागेवर वायूची तपासणी करावी. आत कपॅसिटर असतील तर पाटीवर लिहिलेली मिनिटे पूर्ण होईपर्यंत थांबावे. त्यानंतरच ॲलन की लावावी. बोल्ट काढताना ते एका डब्यात मोजून ठेवावेत. जितके निघाले तितकेच परत बसले, हे सांगता आले पाहिजे.

झाकण निघाले की त्याची यंत्रावर घासून सपाट केलेली कड उजेडात तिरकी धरून पाहावी. आयआयबी गटाच्या नेहमीच्या पेट्यांत झाकण घट्ट केल्यानंतरची फट जास्तीत जास्त ०.२ मिलिमीटरच्या आत राहावी लागते, आणि काही प्रमाणपत्रांत ही मर्यादा याहूनही कमी असते. म्हणजे स्क्रू ड्रायव्हर खुपसून झाकण उचकटल्याने पडलेला एक चरा, गंजाचा एक फोड किंवा रंगकाम करताना आत ओघळलेला थेंबसुद्धा हिशेब बिघडवायला पुरेसा आहे. ही कड मऊ फडक्याने, लागल्यास प्लॅस्टिकच्या पट्टीने साफ करावी; पॉलिश पेपर, कानस किंवा वायर ब्रश तिला कधीही लावू नये. नंतर न वाळणाऱ्या, आम्लरहित ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा. जवळपास उत्प्रेरक प्रकारचे गॅस डिटेक्टर असतील तर सिलिकॉनचे ग्रीस टाळावे, कारण त्याच्या वाफेने डिटेक्टरचे संवेदक निकामी होतात आणि वायू असूनही ते शून्य दाखवतात.

येथे कोकणातल्या पावसाचा मुद्दा येतो. फ्लेमप्रूफ पेटी म्हणजे जलरोधक पेटी नव्हे. पहिल्या पावसात आत पाणी शिरले, कॉन्टॅक्टर हिरवा पडला, की वायरमनचा हात साहजिकच सिलिकॉन सीलंटच्या ट्यूबकडे किंवा रबराच्या पट्टीकडे जातो. त्याचा हेतू चांगला असतो, पण फ्लेम पाथमध्ये घातलेली पट्टी झाकण उचलून धरते, फट वाढते आणि संरक्षण नाहीसे होते. सुकून कडक झालेले सीलंट तर पुढच्या वेळी खरवडून काढावे लागते आणि कड खराब होते. पाण्यावरचा योग्य उपाय म्हणजे फ्लेम पाथपासून वेगळ्या खाचेत कारखान्यातूनच ओ-रिंग बसवलेली, आयपी ६५ किंवा ६६ दर्जाची (धूळ व पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण देणारी) पेटी घेणे, ग्लँड शक्यतो खालच्या बाजूने घेणे, आणि वर पत्र्याची छत्री लावणे.

एका कारखान्यात पावसाळ्यानंतरच्या शटडाऊनमध्ये मी सॉल्व्हंट यार्डातील एक जंक्शन बॉक्स उघडला होता. बाहेरून तो नवा रंग दिल्याने चकचकीत दिसत होता. आठपैकी पाच बोल्ट होते. त्यांतले दोन स्टेनलेसचे मूळ, बाकीचे बाजारातले साधे आणि लांबीला कमी. फीलर गेजची, म्हणजे फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांच्या साधनाची, ०.५ मिलिमीटरची पट्टी एका कोपऱ्यातून अडथळ्याशिवाय आत गेली. मॅनहोल तिथून चार पावलांवर होते, आणि त्या बॉक्सच्या तपासणी तक्त्यावर दर तीन महिन्यांनी ‘ठीक’ अशी नोंद होती. ज्यांनी ती नोंद केली त्यांना फीलर गेज कधी दिलेच गेले नव्हते, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. पण तेव्हापासून बोल्ट मोजणे आणि फट मोजणे हे दोन रकाने नसलेला कोणताही तक्ता मी स्वीकारत नाही.

बंद करताना सर्व बोल्ट मूळ मापाचे आणि मूळ ताकद-वर्गाचे असावेत, ते समोरासमोरच्या जोड्यांनी थोडेथोडे आवळत जावेत, आणि शेवटी सर्व बाजूंनी फीलर गेज लावून पाहावे. आटे मेलेले छिद्र असेल तर पेटी बदलावी किंवा अधिकृत दुरुस्ती करणाऱ्याकडे द्यावी. छिद्र मोठे करून जाड बोल्ट घालणे हा उपाय नाही.

मोजमापाची साधने

तापमान, दाब, पातळी मोजणाऱ्या साधनांसाठी मुळातच ऊर्जा कमी ठेवण्याची पद्धत मला अधिक पसंत आहे. तिचा जन्म खाणींत झाला. वेल्समधील सेंघेनिड येथील कोळसा खाणीत १४ ऑक्टोबर १९१३ रोजी झालेल्या स्फोटात ४३९ कामगार मृत्युमुखी पडले आणि विजेच्या घंटेच्या उघड्या तारांतील ठिणगीवर संशय घेतला गेला. त्या काळातील अशा घंटांच्या अभ्यासातूनच ठिणगीची ऊर्जा मर्यादित ठेवण्याचा विचार पुढे आला. आज सुरक्षित क्षेत्रातील बॅरिअर किंवा आयसोलेटर हे काम करतो. बॅरिअरमधून मिळू शकणारे कमाल व्होल्टेज, विद्युतप्रवाह आणि शक्ती हे ट्रान्समीटरच्या अनुमत आकड्यांपेक्षा जास्त नसावेत, आणि ट्रान्समीटर व केबल यांची मिळून होणारी धारिता व प्रेरकता बॅरिअरच्या मर्यादेत असावी, एवढा हिशेब प्रत्येक लूपसाठी कागदावर करून ठेवावा. या तारा निळ्या रंगाच्या ठेवाव्यात, आणि त्यांची टर्मिनल्स इतर टर्मिनलपासून किमान ५० मिलिमीटर दूर असावीत.

तपासणीची वही

आयएस/आयईसी ६००७९ मालिकेच्या १७ व्या भागात तपासणीच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: नुसत्या डोळ्यांनी, जवळून साधने वापरून, आणि पेटी उघडून तपशीलवार. बसवल्यानंतर पहिल्यांदा चालू करण्यापूर्वी प्रत्येक उपकरणाची तपशीलवार तपासणी करावी, आणि त्यानंतर नियमित तपासणीतील अंतर तीन वर्षांपेक्षा जास्त वाढू देऊ नये. समुद्राजवळच्या आणि आम्ल हाताळणाऱ्या कारखान्यांत मी हे अंतर एका वर्षावर ठेवतो, आणि ती फेरी दिवाळीच्या आसपास, पाऊस ओसरल्यावर घेतो, कारण पाणी शिरल्याच्या खुणा तेव्हा ताज्या असतात.

वहीत प्रत्येक उपकरणाचा टॅग क्रमांक, क्षेत्र, वायुगट, तापमानवर्ग, प्रमाणपत्र क्रमांक, बोल्टची मूळ संख्या आणि आढळलेली संख्या, चारही बाजूंची फट, ग्लँडची स्थिती आणि बंद छिद्रे यांची नोंद असावी. दिव्यांच्या नोंदीत आतल्या दिव्याचा प्रकार आणि वॅटही लिहावेत, कारण जुन्या वेल ग्लास फिटिंगमध्ये बाजारातला एलईडी दिवा बसवणे किंवा फुटलेली काच मापाने कापून घेतलेल्या काचेने बदलणे, या दोन्हींनी मूळ प्रमाणपत्र लागू राहत नाही. मोटार रिवाइंडिंगला गेली तर परत आल्यावर शाफ्टजवळची आणि झाकणांची फट मोजून ती उत्पादकाच्या आकड्यांशी ताडून पाहावी. साध्या वर्कशॉपमध्ये लेथवर एक हात फिरवलेली कड डोळ्यांना गुळगुळीत दिसते, पण मोजल्यावर ती मर्यादेबाहेर गेलेली असते, आणि अशी मोटार पुन्हा क्षेत्र १ मध्ये बसवण्याआधीच बाजूला काढून ठेवावी.